'आज चालतं ना तुम्हाला?' धर्मावर दिवसभर बोलणारे आपण देवावर का बोलत नाही?

मंगळवारची दुपार. ऑफिसच्या पॅन्ट्रीत आम्ही सहाजण डबे उघडून बसलेलो. माझ्या डब्यात अंडाकरी होती. समोरच्या दादाने आधी डब्याकडे बघितलं, मग मोबाईलवरच्या तारखेकडे बघितलं आणि विचारलं, "आज चालतं तुमच्यात?"

"चालतं की. आमच्यात फक्त सोमवार आणि शनिवार."

"आमच्यात सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. शिवाय चतुर्थी, एकादशी."

"मग उरलं काय रे तुला?"

"बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातला शुक्रवार आईचा, म्हणजे घरात बनत नाही. पण बाहेर खातो मी."

मग चर्चा रंगली. कुणाच्या घरी श्रावण कडक, कुणाची आजी माळकरी, कुणाच्या गावाला देवीलाच बोकड लागतो. पाच मिनिटांत तीन-चार देव आणि दोन-तीन जिल्हे पॅन्ट्रीतून फिरून गेले. टेबलाच्या टोकाला एक नवीन मुलगी बसली होती, तिला जॉइन होऊन आठवडा झाला होता. ती ऐकत होती, हसत होती. तिला मात्र कुणी काही विचारलं नाही. तिच्याकडे आपण परत येऊ.

त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये एक गोष्ट डोक्यात आली. एवढ्या सगळ्या गप्पांमध्ये "तू देव मानतोस का?" हे कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. आणि असंही नाही की आम्ही घाबरून टाळलं. तो प्रश्न कुणाला सुचलाच नाही.

तर विषय हा आहे.

प्यू रिसर्च सेंटर नावाची एक अमेरिकन संस्था आहे. तिने २०१९ च्या शेवटापासून मार्च २०२० पर्यंत भारतातल्या जवळपास ३० हजार प्रौढ लोकांना धर्माबद्दल प्रश्न विचारले. रिपोर्ट २०२१ मध्ये आला. देव आहे असं मानणारे किती, तर ९७ टक्के. यात बातमी नाही. बातमी पुढे आहे. बीफ खाणारा माणूस हिंदू असू शकत नाही, असं ७२ टक्के हिंदूंनी सांगितलं. पण देवावर विश्वास नसलेला माणूस हिंदू असू शकत नाही, असं म्हणणारे होते ४९ टक्के. मुसलमानांमध्येही चित्र तसंच निघालं. डुक्कर खाणारा मुसलमान असू शकत नाही असं म्हणणारे ७७ टक्के, अल्लाहवर विश्वास नसणारा असू शकत नाही म्हणणारे ६० टक्के.

म्हणजे मनात काय आहे त्यापेक्षा ताटात काय आहे याला जास्त वजन. याच सर्वेक्षणात स्वतःला शाकाहारी म्हणवणारे ३९ टक्के होते, पण मांसाहारावर काही ना काही बंधन पाळणारे ८१ टक्के. आमच्या पॅन्ट्रीतला दादा या ८१ टक्क्यांमधला.

चालतं, असतं, पाळतो

मराठीत धर्मावरच्या रोजच्या गप्पा बघा, त्या तीन क्रियापदांवर चालतात. "चालतं का?", "असतं का?" आणि "पाळता का?"

"तुमच्याकडे गणपती असतो का? किती दिवसांचा?" हा भाद्रपदातला राष्ट्रीय प्रश्न. मग गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, नैवेद्य पुरणाचा की तिखटाचा. (ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: अनेक घरांमध्ये गौरीला मटणाचा किंवा माशांचा नैवेद्य असतो. आणि ज्यांच्याकडे पुरण असतं, त्यांना हे ऐकून दरवर्षी नव्याने धक्का बसतो.) आषाढात कांदेनवमी आली की कुणाच्यात चातुर्मास पाळतात ते कळतं, कारण त्या दिवशी कांद्याची भजी करून चार महिन्यांसाठी कांद्याला रामराम. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात वांग्याचं भरीत आलं की वांगं सोडलेली घरं परत वांगं खायला मोकळी.

वारांचंही तसंच. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा, साईबाबांचा, स्वामींचा, शनिवार मारुतीचा. हे वार अनादी काळापासून असेच आहेत असं वाटतं ना? शुक्रवारचं बघा. १९७५ साली 'जय संतोषी माँ' हा सिनेमा आला, थिएटरच्या बाहेर लोक चपला काढून आत जायला लागले, आणि त्यानंतर आंबट न खाण्याचे शुक्रवार घराघरात पोचले. दादाच्या आईचा शुक्रवार कदाचित तिथूनच आला असेल.

उपवासाच्या ताटाचं तर आणखी भारी आहे. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो अमेरिका खंडातला. बटाटा तिकडचाच. शेंगदाणे तिकडचे, मिरची तिकडची, रताळंही तिकडचं. पोर्तुगीज आणि इतर युरोपियन व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हे सगळं गेल्या चार-पाचशे वर्षांत आपल्याकडे आलं आणि "उपवासाला चालतं" या यादीत जाऊन बसलं. गहू-तांदूळ मात्र इथले जुने, ते चालत नाहीत. याला धर्मशास्त्रातलं उत्तर शोधत बसू नका. हे घराघरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं "चालतं की" म्हणत ठरवलेलं आहे.

तिसरं क्रियापद मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. पाळणं. वेळ पाळतो, शब्द पाळतो, तसा श्रावण पाळतो. यात विश्वास असायलाच हवा अशी अट नाही. "मी मानत नाही, पण पाळतो. आईला वाईट वाटतं" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, बहुतेक बोललाही असाल. मी बोलले आहे. मानणं आपलं एकट्याचं असतं, पाळणं घराचं असतं, म्हणून घराबद्दल बोलावं तसं आपण धर्माबद्दल सहज बोलू शकतो.

मुलींना यातलं "चालत नाही" आणखी एका कारणाने ऐकावं लागतं. तिथे शब्दसुद्धा थेट नसतो. "अडचण आहे", "बाहेरची आहे", "कावळा शिवलाय". घरात पूजा ठरली की तारीख बघून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणणाऱ्या बायका आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. त्या गोळीबद्दल डॉक्टरशी बोलणं होत नाही, नवऱ्याशी होत नाही. मावशी भाचीला हळूच नाव सांगते. यात देव कुठे आहे हे विचारायची ही वेळ नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं, आणि ती वेळ कधीच येत नाही.

देवाचं थेट विचारलं की काय होतं?

समजा कुणी म्हणालं, "मी नास्तिक आहे." लगेच तीन उत्तरं येतात. "असं बोलू नये", "वय झालं की कळेल" आणि "म्हणजे कुठली तरी शक्ती तर मानत असशीलच ना?" तिसरं उत्तर देणारा माणूस तुमच्यासाठी पळवाट शोधून देत असतो. बऱ्याचदा आपण ती पकडतो आणि चहा मागवतो.

गंमत म्हणजे नास्तिक या शब्दाचा जुना अर्थ 'देव न मानणारा' असा नव्हताच. भारतीय दर्शनांमध्ये वेदांना प्रमाण मानणारे ते आस्तिक, न मानणारे ते नास्तिक. त्यामुळे जग चालवायला ईश्वराची गरज न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या यादीत, आणि बौद्ध, जैन, चार्वाक नास्तिकांच्या. म्हणजे तेव्हाही खरा प्रश्न "तू काय मानतोस" यापेक्षा "तू कोणाच्या बाजूचा" असाच होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न उघडपणे विचारणाऱ्यांनी किंमत मोजली आहे. 'सुधारक'कार गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यात विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. आगरकर गेले १८९५ साली, अवघ्या ३९ व्या वर्षी. त्यानंतर शंभरेक वर्षांनी डॉ. श्रीराम लागू "देवाला रिटायर करा" असं जाहीरपणे म्हणत होते, त्यावर भरपूर गदारोळ झाला. पण त्यातून एक भन्नाट गोष्ट घडली. लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर 'विवेकजागराचा वादसंवाद' नावाचा कार्यक्रम गावोगावी करायचे. लागू म्हणायचे, देव नाही. त्याच स्टेजवर दाभोलकर म्हणायचे, देव मानावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, आमचा विरोध देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. दोन मित्र हजारो लोकांसमोर एकमेकांशी असहमत व्हायचे, आणि लोक शांतपणे ऐकायचे, मग प्रश्न विचारायचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरी टीव्हीवर बातमी चालू होती आणि कुणीतरी म्हणालं, "कशाला बोलायचं पण माणसाने एवढं?" वाईट हेतूने नाही, काळजीने म्हणालं होतं. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

मग किती लोक उघडपणे स्वतःला नास्तिक म्हणवतात? २०११ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात तसं सांगणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले. १२१ कोटींमध्ये ३३ हजार. त्यातले साडेनऊ हजारांहून जास्त महाराष्ट्रातले, म्हणजे राज्यांमध्ये आपला पहिला नंबर. धर्म सांगितलाच नाही असे मात्र २८ लाखांच्या वर होते.

आणि हे तुम्हाला माहीत असायला हवं: सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की कोणत्याही सरकारी फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही, "मी कोणत्याच धर्माचा नाही" असं सांगायचा अधिकार घटनेच्या २५ व्या कलमात आहे. धर्म मानण्याच्या स्वातंत्र्यात न मानण्याचं स्वातंत्र्यही आलं.

नमस्काराच्या आधीच कळतं

धर्माची सगळ्यात छोटी गप्पा म्हणजे नमस्कार. गावाकडे राम राम म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी अयोध्या असेलच असं नाही, तो फक्त "काय, बरंय ना?" असं विचारत असतो. वारीत सगळेच माऊली. पोलीसही माऊली, पाणी वाटणाराही माऊली, धक्का मारून पुढे गेलेलाही माऊलीच. गोव्यात कोकणीत आभार मानताना "देव बरें करूं" म्हणतात, हिंदूही म्हणतात आणि ख्रिश्चनही, कुठला देव ते कुणी विचारत नाही.

'जय भीम' मात्र वेगळ्या रस्त्याने आला. एकेकाळी महार समाजातल्या माणसाने वरच्या जातीच्या माणसाला वाकून 'जोहार' घालायचा असा रिवाज होता. १९३० च्या दशकात कामठीचे बाबू हरदास यांनी 'जय भीम' हे अभिवादन रूढ केलं असं मानलं जातं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. आज महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध आहेत (२०११ ची जनगणना), देशातल्या एकूण बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त. 'जय भीम' म्हणताना मान खाली जात नाही. पण माझा एक मित्र सांगतो, ऑफिसमध्ये फोन आला की तो "जय भीम" म्हणायला बाहेर पॅसेजमध्ये जातो. त्याच ऑफिसमध्ये जय श्रीराम, जय जिनेंद्र, श्री स्वामी समर्थ हे सगळं आपापल्या जागेवर बसून म्हटलं जातं. त्याला कुणी बाहेर जा म्हणालेलं नाही. तो स्वतःच जातो.

'आमच्यात' आणि 'आपल्यात'

इथे मराठीची एक खासियत सांगायला हवी. इंग्रजीत 'वी' एकच आहे, हिंदीतही 'हम' एकच. मराठीत दोन आहेत. 'आपण' म्हणजे तुम्ही आणि मी. 'आम्ही' म्हणजे तुम्हाला सोडून बाकीचे. त्यामुळे "आमच्यात चालत नाही" म्हटलं की समोरचा आपोआप बाहेर उभा राहतो, आणि "आपल्यात असंच असतं" म्हटलं की तो आत येतो. यात 'जात' हा शब्द एकदाही उच्चारावा लागत नाही. "आपल्यातलेच का?" हा प्रश्न ज्याला आयुष्यात कधी ऐकू आला नाही, असा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

विचारायचे आडमार्गही ठरलेले आहेत. "कुलदैवत कोणतं?" हा त्यातला सगळ्यात सभ्य. पण त्याने उत्तर मिळेलच असं नाही, कारण जेजुरीचा खंडोबा धनगरांचा, मराठ्यांचा, रामोशांचा, कोळ्यांचा आणि देशस्थ ब्राह्मणांचाही. मग पुढचा प्रश्न, "पूर्ण नाव काय?" आडनाव पाटील किंवा देशमुख निघालं तर परत पंचाईत, कारण ही आडनावं कितीतरी जातींत आहेत, मुसलमानांतही आहेत. मग "गाव कुठलं?", "गावात घर कुठे?" शेवटचा प्रश्न ज्याला कळतो त्याला कळतो.

आता हाच प्रश्न जागा बदलून बघा. जेवायला बोलावलेल्या घरी काकूंनी विचारलं, "नॉनव्हेज चालतं ना गं तुला?" तर त्यात काळजी आहे. माझ्या मैत्रिणीला मुंबईत घर शोधताना एका ब्रोकरने फोनवर हेच विचारलं. "नॉनव्हेज खाता का?" ती म्हणाली, नाही. खरंच खात नाही ती. मग त्याने आडनाव विचारलं. आडनाव ऐकून म्हणाला, "मॅडम, मला काही प्रॉब्लेम नाही, सोसायटीला चालत नाही." क्रियापद तेच. तिने त्या महिन्यात अशी सात घरं मोजली, मग मोजणं सोडून दिलं.

आणि कायदा अशा वेळी फार मदतीला येतो असंही नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका हाउसिंग सोसायटीचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम वैध ठरवला होता. प्यूच्या त्याच सर्वेक्षणात ८६ टक्के हिंदू आणि बहुसंख्य मुसलमान म्हणाले की त्यांचे सगळे किंवा बहुतेक जवळचे मित्र त्यांच्याच धर्माचे आहेत. घरं वेगळी, शेजार वेगळा, मग मित्र कुठून येणार?

"बिर्याणी कधी?"

तर ती टेबलाच्या टोकाची मुलगी. सांगली जिल्ह्यातली, मुसलमान. पहिल्या आठवड्यात तिला तीन वाक्यं सगळ्यात जास्त ऐकू आली. "तू मराठी किती छान बोलतेस", "घरी उर्दू बोलता ना?" आणि अर्थातच "ईदची बिर्याणी कधी?"

तिसरं वाक्य आपल्याला प्रेमाचं वाटतं, आणि ते असतंही. पण ती मला नंतर म्हणाली, "बिर्याणीच्या पुढे कुणी जातच नाही. आणि ईदला आमच्याकडे शीरखुर्मा महत्त्वाचा, बिर्याणी काय रविवारीपण होते." वसईच्या ख्रिश्चन मुलांना असंच नाताळचा केक आणि "तुम्ही मराठी की ख्रिश्चन?" ऐकावं लागतं. ज्या वसईने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा मराठी लेखक दिला, जे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्या वसईतल्या मुलांना.

त्या मंगळवारी आम्ही तिला का विचारलं नाही, यावर मी विचार केला. "आज चालतं का तुमच्यात?" हा प्रश्न मुसलमान मुलीला विचारायचा नसतो, असं आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात धरलं होतं. उत्तर आम्हाला माहितीच होतं. त्यामुळे तिच्याशी बोलायचंच राहून गेलं.

फॅमिली ग्रुपवर तर आणखी उलटं. समोरासमोर जे काका "तुझं तू बघ बाबा" म्हणतात, तेच ग्रुपवर सकाळी सहाला भांडण टाकून फिरायला जातात. एक लक्षात ठेवा. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम २९५ अ, जे १९२७ मध्ये आलं, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कायद्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' अशी अट आहे, म्हणजे साधा प्रश्न विचारणं किंवा असहमत असणं हा गुन्हा नाही. पण फॉरवर्ड करताना "मी फक्त पुढे पाठवलं" हा बचाव पुरेल असं धरून चालू नका.

पुढच्या सोमवारी ती माझ्या शेजारी बसली. माझ्या डब्यात मटकीची उसळ. तिने विचारलं, "तू सोमवारी का नाही खात गं?"

मी म्हटलं, "आमच्यात नसतं."

"ते कळलं. पण का?"

मला उत्तर माहिती नव्हतं. पंचवीस वर्षं पाळलं, विचारलं कधीच नव्हतं. रात्री आईला फोन केला. आई म्हणाली, "तू सहा महिन्यांची होतीस, ताप उतरतच नव्हता. चार दिवस दवाखान्यात होतो आपण. तेव्हा धरले मी सोमवार. सांगितलं नव्हतं का तुला?"

"नाही गं."

"विचारलं नसशील. बरं, झोप आता."

"आणि शनिवार?"

"शनिवार तुझ्या बाबांचा. ते त्यांना विचार."